तांबड्या रेघेच्या वर

कळंब्याच्या रस्त्याला मी राहतो ते घर चढावर आहे. इथपर्यंत नदी येणार नाही, हे मला माहीत आहे. तरीही श्रावण लागला की मी कपाटाच्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या करतो आणि तिथली पुस्तकं वर आडवी रचून ठेवतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं बायको या प्रकाराला हसायची. पुढं तिनं कारण विचारायचं सोडलं. आता श्रावणाच्या तोंडावर ती न सांगता जुनी वर्तमानपत्रं माझ्या खुर्चीवर आणून ठेवते.

यंदा खालची फळी तेवढी रिकामी झाली. दुसरीवर हात ठेवून मी बसून राहिलो. बाहेर कर्णा लावलेली रिक्षा नदीकाठच्या लोकांना सावध करत गावाकडं चालली होती. दादा असता तर या दिवसांत एकदा तरी आला असता. दाराशी उभं राहून भिजलेली टोपी त्यानं डाव्या हातानं पिळली असती आणि म्हणाला असता, "मास्तर, पाणी चढाय लागलंय. पूर बघाय जायाचं का?" सारं कोल्हापूर पूर बघायला जातं. छत्र्या घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन, भाजलेल्या शेंगा खात जातं. मी दर वर्षी काही ना काही काम काढायचो. पेपर तपासायचे आहेत म्हणायचो. दादा चहा प्यायचा आणि एकटाच जायचा.

तो वैशाखात गेला. तापाचं निमित्त झालं. त्याला निजवलं तेव्हा भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याचे दोन्ही हात छातीवर जुळवायला घेतले. डावा सहज वळला. उजवा मनगटात वाकडा, बोटं तळव्याकडं ओढलेली. म्हातारा ती एकेक करून सरळ करू बघत होता. मी म्हणालो, "राहू द्या. ती सरळ होत नाहीत."

"व्हय की, इसरलोच बघ," तो म्हणाला. "ह्यो हात त्या पुरात गेलेला."

पुरात गेला, असंच सगळे म्हणतात. मीही कधी कुणाचं म्हणणं दुरुस्त केलं नाही. पण त्या पुराचं पाणी आमच्या घरात आलंच नव्हतं. दादाचा हात गेला त्यात मी लिहिलेल्या एका शब्दाचा वाटा होता. तो शब्द मी लिहिला हे दादाला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. तो असेपर्यंत आम्ही दोघांनी त्याविषयी एक अक्षर काढलं नाही. आता मी काढतो आहे, तर ऐकायला तो नाही.

आम्ही नदीच्या बाजूचे कुंभार. आमच्या गल्लीत वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरापेक्षा मातीवरून जास्त कळे. उन्हाळ्यात रांजण आणि माठ, पावसाच्या सुरुवातीला बेंदराच्या सणाचे मातीचे बैल, पंचमीचे नाग, आणि या सगळ्याच्या आडून चैत्रापासून हळूहळू चाललेले गणपती. भांडी आव्यात भाजून निघतात. देव कच्चाच ठेवायचा असतो, कारण त्याला शेवटी पाण्यात विरघळायचं असतं. म्हणून पुराची आमची भीती इतरांपेक्षा वेगळी होती. कापडवाल्याचं कापड भिजलं तर वाळवता येतं, धान्यवाल्याचं धान्य उन्हात पसरता येतं. गणपती बुडापासून भिजतो. वीतभर पाणी घरात शिरलं की फळ्यांवरून ओळीच्या ओळी, दमलेली माणसं बसावीत तशा, मुकाट्यानं खाली बसत.

त्यामुळं दर श्रावणात पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं की गणपती हलवायचे, असा आमचा शिरस्ता होता. वरच्या अंगाला तालीम होती. तिथले पैलवान लंगोटावरच धावत यायचे आणि एकेक मूर्ती उचलून चिखलातून चढ चढायचे. आमचे वडील, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू, दारात उभे राहून ओरडत, "ए गड्या, देव हाय त्यो, तुज्या जोडीचा न्हाय! असा कवळा घालू नगंस!" प्रत्येक फेरीत कुणाचा कान जाई, कुणाच्या सोंडेचं टोक, कुणाचा वरचा हात. आई परात घेऊन मागून चाले आणि पडलेले तुकडे गोळा करी. तालमीत गेल्यावर ती परात मधोमध ठेवून आम्ही कोणता कान कुणाचा ते लावत बसायचो. तालमीतल्या तांबड्या मातीचा, तेलाचा आणि ओल्या गणपतींचा एकत्र वास अजून माझ्या नाकात आहे. जगात दुसरीकडं कुठं तो मिळाला नाही.

मूर्ती घरातले सगळेच करत. डोळे मात्र फक्त दादा काढायचा. आम्ही त्याला आखणी म्हणतो. मूर्ती रंगून तयार झाली तरी डोळे निघेपर्यंत ती नुसती माती. खारीच्या केसांचा कुंचला घेऊन दादा समोर बसे, श्वास धरी, आणि एकदाच वरची पापणी ओढी. ती रेघ तो दुसऱ्यांदा गिरवत नसे. लांबच्या पेठांतली माणसं येऊन विचारत, "डोळं थोरल्यानंच काढल्यात न्हवं?" तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. शाळेत गेला नव्हता. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यानं मला मास्तर म्हणायला सुरुवात केली. मी खरोखरीचा मास्तर होण्याआधी चांगली पाचसहा वर्षं. माझं घरातलं काम एवढंच, की लोक आपापले पाट आणून देत त्यांवर खडूनं त्यांची नावं घालायची. ज्याच्या पाटावर नाव, त्याचा गणपती.

ते साल एकोणीसशे साठनंतरच्या दशकाच्या शेवटाचं. मी कॉलेजात होतो. माघात पालिकेची दोन माणसं रंगाचा डबा घेऊन गल्लीत आली. आधीच्या मोठ्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ते त्यांनी जुन्या लोकांना विचारलं आणि तेवढ्या उंचीवर विजेच्या खांबांना तांबडी रेघ मारून गेली. मागोमाग छापील पत्रक आलं. ते वाचायला मला आमच्या दारातल्या कट्ट्यावर उभं केलं. जो कुणी आपल्या घराचं जोतं रेघेच्या वर नेईल त्याला काही वर्षं घरपट्टीत सूट मिळणार होती, आणि जोत्याला लागणारा दगड पालिका सवलतीत देणार होती.

"म्हंजे घर आमी उचलायचं आणि पट्टी त्यांनी सोडायची?" शेजारच्यानं विचारलं.

"उचल की. तुज्या घरात जड असं हायच काय? तूच तेवढा!"

मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मी पुढं वाचलं. दर्शनी बाजूला दगडी बांधणी असावी. आतली भर कठीण मुरमाची असावी, ती थराथरानं पाणी मारून ठोकावी. मातीची भर चालणार नाही.

"थांब, थांब," तात्या म्हणाले. "परत वाच. माती चालणार न्हाय?"

मी परत वाचलं.

"हे लिवणाऱ्यानं जल्मात कवा चिखुल तुडीवलाय का, इचार त्यास्नी."

लोक पुन्हा हसले. मीही हसलो. पण तात्यांच्या डोक्यात पत्रक बसलं होतं. त्यांना पट्टीच्या सुटीचं फार नव्हतं. त्यांना गणपती हलवायचे नव्हते. वर्षानुवर्षं परातीत कान गोळा करून ते थकले होते. दादाची आखणी तालमीच्या अंधारात, ओल्या हवेत, घाईनं होई, याचंही त्यांना फार वाटे. रात्री जेवताना ते म्हणाले, "थोरल्या, यंदा गणपती जाग्यावरनं हालणार न्हाईत. घरात, झरोक्याच्या उजेडात काढ डोळं."

दादाचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला आठवतं. त्याला आनंद झाला की तो खाली बघून ताटातलं मीठ बोटानं गोळा करायचा.

घर उचलायचं म्हणजे प्रत्यक्षात आतली जमीन उचलायची. भिंती तशाच ठेवून आत भर टाकायची, उंबरा वर घ्यायचा, आणि दार ठेंगणं झालं की वाकून आत जायचं. गल्लीत पाचसहा घरांनी तेच केलं. मुरूम आणायला दस्तगीरचाचाच्या बैलगाड्या होत्या. दस्तगीरचाचा तात्यांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याच्या गाडीतून आमचे माठ बाजाराला जात आणि त्याच्या घरच्या प्रत्येक लग्नाला आमचे रांजण. तो एक गाडी मुरूम घेऊन स्वतःच दारात आला.

"उतरू का तात्या?"

"कशाला? माज्या आवारात डोंगर पडलाय." आमच्या मागच्या आवारात वर्षभर पुरेल एवढ्या चाळलेल्या मातीचा ढीग होता.

"ती भांड्याची माती. भराव्याला मुरूमच लागतो."

"दस्तगीर, मातीचं तू मला शिकवतोस व्हय? का तुज्या गाड्या रिकाम्या फिरत्यात म्हणून आलास?"

दस्तगीरचाचानं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "मी कोण शिकवणार? माजा बैल शिकवंल. चिखलात ह्यो पोटापातूर रुततो. मुरमात कवा रुतलेला बघितलाईस?"

"तुजा बैल तुज्यापरास शाना हाय, एवढं खरं," तात्या म्हणाले, आणि दोघं हसून तंबाखू मळायला बसले. गाडी तशीच परत गेली.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला आमच्या घरातले सगळ्यांत सुखाचे दिवस म्हणून आठवतात. ते आठवणं मला नको असतं, पण इलाज नाही. गाढवांच्या पाठीवरून, टोपल्यांतून, आम्ही ती माती आत आणली. पाणी मारून सगळ्यांनी मिळून तुडवली. आई, दादा, वहिनी, मी, आणि मधोमध तात्या. भांडं थापायच्या थापीनं तात्यांनी ती सारी जमीन ठोकली. एखाद्या मोठ्या रांजणाचं बूड असावं तसं ते तिच्याकडं बघत. चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात ती वाळून दगडासारखी झाली. वहिनीनं सारवलं. तात्यांनी बोटांच्या पेरांनी वाजवून दाखवलं. "ऐक. भाजल्याली मडकी अशी वाजत्यात."

माती पाण्यात काय होते हे आमच्याइतकं कुणाला माहीत असणार? दर वर्षी ती आमच्या डोळ्यांदेखत खाली बसत होती. तरीही कुणाला ते सुचलं नाही. तात्यांचा आयुष्यभराचा विश्वास होता की मातीला नीट हात लागला की ती ऐकते. आव्यातून निघालेली माती त्यांचं ऐकतही होती. जमिनीला आवा लागलेला नाही, ही एवढीशी गोष्ट राहून गेली. पत्रक लिहिणाऱ्यानं कदाचित खरंच कधी चिखल तुडवला नसेल. त्याला आमच्याहून एक गोष्ट जास्त कळत होती.

मग अर्ज भरायचा होता. मी कट्ट्यावर बसून भरला. दादा शेजारी बेंदराच्या बैलांची शिंगं लावत होता. तात्या आत होते. घरमालकाचं नाव, गल्ली, जोत्याची उंची, दगडी बांधणी. पुढं रकाना होता, भर कशाची. माझी लेखणी थांबली. मातीची लिहिलं तर अर्ज फेटाळला जाणार, हे मला माहीत होतं, कारण पत्रक मीच वाचलं होतं. घरात एवढ्या माणसांत ते वाचता येणारा मी एकटा होतो. मी मुरमाची असं लिहिलं.

"काय लिवलंस?" दादानं विचारलं. माझी लेखणी थांबलेली त्यानं बघितली असावी.

"मुरूम," मी म्हणालो.

तो थोडा वेळ हातातलं शिंग फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुला कळतंय त्यातलं." आणि त्यानं शिंग लावलं.

मी त्या वाक्याचा आजवर पुष्कळ विचार केला आहे. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच तसं समजत होता. शिकलेल्या माणसाला त्यातलं कळतं.

पालिकेचे ओव्हरसियर आले. सभ्य, शांत गृहस्थ. उंबऱ्याला पट्टी लावून त्यांनी रेघेशी उंची ताडून पाहिली. आमचा उंबरा रेघेच्या चार बोटं वर होता. आत वाकून त्यांनी सारवलेली जमीन पाहिली, बुटाची टाच आपटून पाहिली. अर्जाकडं नजर टाकली आणि सही केली. जाताना म्हणाले, "तुम्हा लोकांना ठोकणं-बडवणं काय सांगायचं." तात्यांनी त्यांना एक नवा माठ दिला. ते नको म्हणत होते, तरी दिला.

तो पूर श्रावणात, पंचमी उलटल्यावर आला. वरती घाटात पाऊस थांबत नव्हता. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आई आणि वहिनी तालमीत गेल्या. तात्या, दादा आणि मी घरात राहिलो, गणपतींबरोबर. पाणी रोज थोडं चढत होतं. तांबडी रेघ बुडाली नाही. आमच्या उंबऱ्याखाली वीतभर राहून पाणी थांबलं.

तात्या उंबऱ्यावर, पाय पाण्यात सोडून बसले. त्यांच्या पायांजवळून लाकडं, कडबा, कुणाचं तरी पत्र्याचं डबडं वाहत जाई. दस्तगीरचाचा गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून वल्हवत आला. आमच्याकडं पुरात काहिलीची नाव करतात. तो ओरडला, "तात्या, चल की तालमीत! भाकरी वाट बघतीया."

"भाकरी हिकडं लावून दे. माज्या घरात धूळ उडतीया, मी कशाला येऊ?"

दस्तगीरचाचा खळखळून हसला. "बैल हरला म्हणायचा माजा!"

आमच्या मागच्या भिंतीला टेकून फळ्यांची मोठी मांडणी होती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी तिथं उभा होतो आणि पाय उचलला तर जमिनीत माझी टाच उमटलेली दिसली. खोल नाही, सारवणाला पडलेली नुसती एक वाटोळी खूण. मी खाली बसून ती तळव्यानं सारखी केली. वर बघितलं तर दादा बघत होता. तो जवळ आला, अंगठा जमिनीत दाबला आणि हळूच म्हणाला, "वल चढतीया."

"तात्यांना सांगू?"

दादानं दाराकडं पाहिलं. तात्या उंबऱ्यावर विडी ओढत बसले होते. पाठमोरे. किती वर्षांत ते असे निवांत बसलेले आम्ही पाहिले नव्हते.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "पाणी उतारलं की वाळंल."

आम्ही तिथली मांडणी हलवायला हवी होती. मी बोलायला हवं होतं. पत्रकात कशासाठी मुरूम म्हटलं होतं ते त्या क्षणी मला पुरतं कळलं होतं. पण बोलायचं म्हणजे काय लिहिलं ते बोलायचं. मी गप्प बसलो, आणि आम्ही दोघं भिंतीपासून दूर जाऊन बसलो.

पाणी दोन दिवसांनी उतरलं. झपाट्यानं उतरलं. ऊन पडलं. गल्लीभर गाळ चकाकत होता, घराघरांतून लोक खराटे घेऊन बाहेर पडले होते. आमचे गणपती सगळे जागेवर, कोरडे, कान-सोंडेसकट. लोक बघायला येत होते. वाकून आत यायचे आणि तात्यांना म्हणायचे, "जितलास गड्या." तात्या नुसते हसत होते. दादानं वेळ घालवला नाही. चतुर्थीला फार दिवस उरले नव्हते. तो झरोक्याखाली, मागच्या भिंतीशी, कुंचला घेऊन आखणीला बसला. झरोक्यातून दुपारचं सरळ ऊन येत होतं. तिथं उजेड सगळ्यांत चांगला होता.

बाहेर पाणी उभं होतं तोवर त्या पाण्यानंच भिंतीला बाहेरून टेकू दिला होता, हे मला कित्येक वर्षांनी एका इंजिनिअर मित्रानं समजावून सांगितलं. आत फुगलेली माती भिंतीला बाहेर ढकलत असते. पाणी गेलं की टेकू जातो.

मी दारात पायरीवरचा गाळ काढत होतो. आवाज फार मोठा झाला नाही. चाकावर मातीचा मोठा गोळा आपटावा तसा झाला. मी वाकून आत बघितलं तर समोर आकाश होतं. मागची भिंत आवारात आडवी पडली होती आणि तिच्या मागोमाग अर्धी जमीन, दह्यासारखी, खाली घसरली होती. मांडणी, गणपती, माळ्याची तुळई. त्यात दादा. त्याचं तोंड आणि डावा खांदा वर होता. तो ओरडत नव्हता. मला बघून म्हणाला, "मास्तर, पाय जपून टाक. वली हाय."

दस्तगीरचाचानं तुळईला दोर बांधून बैल लावले. मग त्याच गाडीत घालून दादाला दवाखान्यात नेलं. हाड बसवलं, पण बोटांच्या शिरा तुटल्या होत्या.

त्या वर्षी लोकांचे पाट परत द्यावे लागले. गणपती करायला दिलेला पाट रिकामा परत येणं चांगलं मानत नाहीत. मी घातलेली नावं वाचत वाचत तात्या आणि मी घरोघर फिरलो. कुणी वाईट बोललं नाही. एका घरची म्हातारी बाई पाट हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "असू दे बाबा. यंदा सुपारी बसवू. पोराचा हात कसा हाय?" तात्या पायरी उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. तिथून पुढं ते मला एकट्यालाच दारापर्यंत पाठवायला लागले.

ओव्हरसियर पुन्हा आले, पडलेल्या घरांची पाहणी करायला. मुरूम घातलेली घरं उभी होती. आमच्या मोडलेल्या कडेला उभं राहून त्यांनी छत्रीच्या टोकानं आतली माती उकरली. मग तात्यांना म्हणाले, "तुम्हाला मातीचं सांगायची गरज नाही, असं मला वाटलं होतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळंच तात्यांना ते लागलं असावं. तात्या मरेपर्यंत भांडी करत राहिले, पण मातीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

ओव्हरसियरनी पिशवीतून आमचा अर्ज काढला. "इथं मुरूम लिहिलंय. कुणी लिहिलं हे?"

मी शेजारीच उभा होतो. अक्षर माझं होतं. त्या काळात मी मास्तरकीसाठी खटपट करत होतो, आणि आमच्या घरात त्या नोकरीकडं सगळ्यांचे डोळे लागले होते.

दादा गळ्यात हात अडकवून कट्ट्यावर बसला होता. म्हणाला, "मी सांगितलं त्याला तसं लिवाय. त्यो कालेजात असतोय, साहेब. त्याला घरातलं काय ठावं न्हाय. मी म्हणलं मुरूम हाय, त्यानं लिवलं."

ओव्हरसियर माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, ते मला आज सांगता येणार नाही. त्यांनी अर्जावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, सूट रद्द झाल्याचं सांगितलं, आणि दादाच्या हाताची चौकशी करून ते गेले.

मला नोकरी लागली. दादा पुढं वारणानगरला साखर कारखान्याच्या पहाऱ्यावर राहिला, डाव्या हातात काठी घेऊन. वहिनी सांगते, तिथल्या वसाहतीत त्याला सगळे कुंभारमामा म्हणायचे, आणि पोरं मातीचे बैल मागायला आली की तो त्यांना माती मळून द्यायचा आणि म्हणायचा, आता तुमीच करा. दहाव्याला वहिनी माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, "तुमचं लई कवतिक होतं त्यास्नी. आमचा मास्तर, आमचा मास्तर, दुसरं न्हाय." मी तिला तेव्हा सांगू शकलो असतो. भोवती माणसं होती, हे कारण मी स्वतःला दिलं. पुढं तिच्या घरी दोनदा गेलो. तेव्हा माणसं नव्हती.

पुरानंतरच्या वर्षी आम्ही मागची भिंत दगडात बांधून घेतली. दस्तगीरचाचानं न विचारता मुरूम आणून टाकला आणि एकही चेष्टा केली नाही. गणपती थोडेच केले. गिऱ्हाइकांच्या मूर्तींची आखणी करायला दुसऱ्या गल्लीतला एकजण बोलावला होता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादानं घरचा गणपती उचलून माझ्यासमोर ठेवला आणि कुंचला माझ्या हातात दिला.

"काढ."

"मला येत नाही, दादा."

"अक्षर येतंय न्हवं? श्वास धर आणि वढ."

मी ओढली. उजवा डोळा कसाबसा आला. डाव्याला हात हलला. बुबुळ बाजूला गेलं. गणपती समोर न बघता कुठंतरी भिंतीकडं बघायला लागला. आईनं तोंडाला पदर लावला. मी म्हणालो, पांढऱ्या रंगाचा हात देऊन पुसून टाकतो, उद्या सकाळी त्या आखणीवाल्याकडून करून घेऊ.

"नगं," दादा म्हणाला. "डोळं एकदा उघाडलं की परत मिटायचं नसत्यात."

दुसऱ्या दिवशी तोच बसवला. आरतीला घरातले सगळे उभे होतो. मी मधे, तात्यांच्या शेजारी. झांजा वाजत होत्या. समोरचा देव कुणाकडंच बघत नव्हता. दादा एका बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा होता. टाळ्या वाजवता येत नव्हत्या म्हणून तो डाव्या हातानं मांडीवर ताल धरत होता. मधेच त्यानं ताल सोडला, दोन पावलं पुढं येऊन माझं मनगट धरलं आणि मला ओढत आपल्या जागेवर आणून उभं केलं.

"हितनं बघ, मास्तर," तो माझ्या कानाशी म्हणाला. "हितनं बराबर तुज्याकडं बघतोय."

आणि तो माझ्या जागेवर जाऊन उभा राहिला. आरती संपेपर्यंत मला मान वर करता आली नाही.